वर्डप्रेसवर प्लगिन्स किती ठेवावीत? साईट फार जड झालीये

वाचनकट्टा: नमस्कार मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयाची वर्डप्रेसवर (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) केलेली साईट मी बघते, जुने अंक, लेख, पुस्तकांची यादी असं सगळं आहे. आधी फॉर्म, मग एसईओ (गूगलवर साईट सापडावी म्हणून), मग गॅलरी, शेअरची बटणं, असं एकेक टाकत टाकत तीसेक प्लगिन्स (वर्डप्रेसला जोडायचे जादा भाग) झालीत. मोबाईलवर पान उघडता उघडत नाही, वाचक कंटाळून परत जातात, फार वाईट वाटतं. एकाने सांगितलं दहाच्या वर ठेवूच नका, खरंय का हे? आणि मराठी लेखाच्या लिंकमध्ये शीर्षक अर्ध्यातच कापलं जातं, तेही प्लगिनमुळेच का?

हुकवाला: ताई, दहाबिहा असं काही नसतं हो. वर्डप्रेस पान तयार करताना मध्ये मध्ये जागा सोडतं, त्यांना हुक म्हणतात, प्लगिन तिथे आपलं काम अडकवतं. 2004 साली 1.2 व्हर्जनमध्ये ही सोय आली, म्हणून तर मूळ कोडला हात न लावता वूकॉमर्स टाकून अख्खं दुकान उभं राहतं आणि उद्या वर्डप्रेस अपडेट केलं तरी आपलं काम पुसलं जात नाही. तेव्हा किती आहेत ते सोडा, प्रत्येक पानावर कोण काय करतंय ते बघा. कॉन्टॅक्ट फॉर्म 7 या फॉर्मच्या प्लगिनचंच घ्या, फॉर्म एका पानावर असला तरी त्याच्या सीएसएस (रंगरूप) आणि जावास्क्रिप्टच्या (पानावरच्या हालचाली) फायली सगळ्या पानांवर लोड होतात, सेटिंग बदललं नाही तर. क्वेरी मॉनिटर नावाचं प्लगिन टाका, कुठलं प्लगिन डेटाबेसला (साईटची सगळी माहिती असते तिथे) किती क्वेऱ्या, म्हणजे विचारणा, मारतंय ते नावानिशी दिसेल.

सर्व्हरकाका: वरच्याशी सहमत. फक्त बंद करून बघायच्या आधी बॅकअप घ्या, फायली आणि डेटाबेस दोन्हीचा. हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग नावाचं प्लगिन आहे, त्याच्या ट्रबलशूटिंग मोडमध्ये बाकीची प्लगिन्स फक्त तुमच्यापुरती बंद होतात, वाचकांना साईट नेहमीसारखीच दिसते. फोटोंच्या लेझी लोडिंगसाठी (स्क्रोल करत जवळ गेल्यावरच फोटो लोड होणं) किंवा साईटमॅपसाठी (सर्च इंजिनसाठी पानांची यादी) वेगळं प्लगिन असेल तर बहुतेक काढता येईल, 2020 च्या 5.5 पासून दोन्ही वर्डप्रेसमध्येच आहे. कॅशेची (एकदा तयार केलेलं पान साठवून ठेवणारी) दोन असतील तर एकच ठेवा. आणि ज्याला वर्षानुवर्षं अपडेट नाही ते आधी काढा, हॅक करणारे अशीच शोधत असतात.

देवनागरीप्रेमी: लिंकचं प्लगिनमुळे नाहीये. डेटाबेसमध्ये स्लगला (लिंकमधला शीर्षकाचा भाग) जागा 200 कॅरेक्टरची, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह लिंकसाठी एन्कोड होऊन (इंग्रजी अक्षर-आकड्यांत बदलून) 9 कॅरेक्टर खातं, काना-मात्रा-अनुस्वार पण वेगळे धरले जातात, म्हणजे बावीसेक चिन्हांत खेळ खलास. पब्लिश करायच्या आधीच स्लग हाताने छोटा लिहा, मराठीतच ठेवा की. जुन्या लेखांचा स्लग बदललात तर वर्डप्रेस जुन्या लिंकवरून आपोआप नवीनवर नेतं, पण पेजेसना ('आमच्याविषयी'सारखी स्थिर पानं) ते होत नाही, तिथे रिडायरेक्शन नावाचं प्लगिन वापरा.

वाचनकट्टा: खूप खूप आभार सगळ्यांचे! क्वेरी मॉनिटर लावून बघितलं, लेखाखाली संबंधित लेख दाखवणारं जे प्लगिन आहे त्याच्याच क्वेऱ्या सगळ्यात जास्त आहेत. पण लोक त्यावरूनच जुन्या अंकांपर्यंत पोचतात हो, काढवत नाही, हलकं दुसरं कुठलं आहे का?

हुकवाला: मग काढू नका! सेटिंगमध्ये कॅशेचा पर्याय आहे का बघा, म्हणजे यादी दरवेळी नव्याने शोधली जाणार नाही. नसेल तर इथे प्लगिनचं नाव टाका, बघतो.