मदत हवी आहे: शॅक मोडून ठेवलेल्या क्लायंटलाही ‘बिले पाठवा’चे मेसेज आपोआप जातात, वर्कफ्लो कसा लावावा?

नमस्कार मंडळी,

फोंड्यात आमचे कर सल्लागाराचे छोटे ऑफिस आहे. मी, माझी भाची आणि दुपारनंतर येणारा एक मुलगा, एवढाच स्टाफ. क्लायंट सव्वाशेच्या आसपास: बाजारातली हार्डवेअर आणि किराणा दुकाने, काजूवाले, ट्रकवाले, आणि मिस्टरांच्या ओळखीतून आलेले बार्देस किनाऱ्यावरचे शॅकवाले (हंगामापुरत्या उभारलेल्या झोपडीवजा खानावळींचे मालक) व गेस्ट हाउसवाले.

यंदा क्लायंट सांभाळायचे एक सॉफ्टवेअर घेतले. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अडचण त्याच एका सॉफ्टवेअरची असेल असे वाटत नाही. त्यात ‘ऑटोमेशन’ म्हणून भाग आहे: अमुक तारीख आली की तमुक मेसेज, दोन दिवस थांबा, परत मेसेज, मग स्टाफला काम लावा. मी असे बसवले की दर महिन्याच्या १ तारखेला सगळ्यांना ‘मागच्या महिन्याची विक्री-खरेदीची बिले पाठवा’, ५ ला आठवण, ८ ला दुसरी आठवण आणि ९ ला भाचीच्या यादीत ‘फोन करा’. जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, तारीख ११, म्हणून ही घाई.

आता होते काय:

ज्याने ३ तारखेलाच बिलांचे फोटो माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले, त्यालाही ५ ला आणि ८ ला आठवण जाते. माणसे चिडतात आणि त्यांचे बरोबरच आहे.

तिमाही रिटर्नवाल्यांना (क्यूआरएमपी) आणि कंपोझिशनवाल्यांनाही (छोट्या धंद्यांची ठरावीक दराने कर भरायची योजना) हाच मेसेज. कंपोझिशनमधला खानावळवाला दर महिन्याला विचारतो, ‘‘बाय, म्हजें तीन म्हयन्यांनी न्हय?’’

आणि शॅकवाले. मे संपता संपता शॅक मोडावे लागतात, पावसाळाभर किनाऱ्यावर काही नसते. जुलैच्या १ तारखेला मेसेज गेला तर एकाचा फोन, ‘‘शॅक काडला न्हय, बिलां खंयचीं हाडूं?’’ (बिले कुठली आणू?) त्याला मेसेज बंदच करून टाकावा, तर धंदा बंद असला तरी शून्य रिटर्न भरावाच लागतो. नाही भरला की दिवसाला २० रुपये लेट फी. म्हणजे मेसेज हवा, पण हा नको.

सपोर्टवाल्यांनी ‘प्रत्येक प्रकाराचा वेगळा वर्कफ्लो करा’ एवढेच सांगितले. आताच सहा आहेत, अजून केले तर कोणता कुणाला लागू हे मलाच कळणार नाही. अशा ऑफिसमध्ये कुणी हे नीट बसवले असेल तर सांगा. प्रोग्रामिंग येत नाही. एक्सेल चांगले येते.

प्रतिसाद: मडगावचा हिशेबनीस

ताई, एक विचारतो. तुमची आठवण सॉफ्टवेअरमध्ये कशाला बांधली आहे? क्लायंटच्या कार्डाला, की त्या त्या महिन्याच्या कामाला?

धागाकर्ती

क्लायंटच्या कार्डाला. प्रत्येकावर ‘जीएसटी’ असा टॅग आहे, टॅग असलेल्या सगळ्यांना मेसेज जातो. महिन्याचे काम असे वेगळे काही नाही.

प्रतिसाद: मडगावचा हिशेबनीस

मग गाठ तिथेच आहे. क्लायंटच्या कार्डावर ‘कागद आले’ असे लिहिणार कुठे? जुलैचे आले असतील, ऑगस्टचे यायचे असतील. कार्ड एकच, महिने बारा. सॉफ्टवेअरला थांबायचे कधी हे कळायला जागाच नाही.

दर क्लायंटचे दर कालावधीचे एक ‘काम’ तयार होऊ द्या. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्याला जॉब, डील किंवा प्रोजेक्ट म्हणतात, आणि ते ठरावीक दिवशी आपोआप उघडण्याची सोय असते. ‘अमुक हार्डवेअर, जुलै’ हे एक काम. त्याला टप्पे: कागद यायचेत, कागद आले, जीएसटीआर-१ भरला, २बी (पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टलने बनवलेली खरेदीची यादी) जुळवला, ३बी (कर भरायचा रिटर्न) भरला. हा क्रम जीएसटी पोर्टलचाच आहे. आधी १, मग १४ तारखेला २बी तयार होतो, मग २० पर्यंत ३बी. आधीचा जीएसटीआर-१ नसेल तर ३बी पुढे सरकतच नाही, त्यामुळे टप्पे ओलांडायची सोय ठेवू नका.

आठवण फक्त ‘कागद यायचेत’ या टप्प्यावरच्या कामांना. आणि हे महत्त्वाचे: ‘दोन दिवस थांबा’ या पायरीनंतर लगेच मेसेज ठेवू नका. मध्ये ‘टप्पा अजून तोच आहे का?’ ही तपासणी टाका. पुष्कळ ठिकाणी अट फक्त वर्कफ्लोत शिरतानाच बघितली जाते, नंतर कुणी विचारत नाही. तुमचे ३ तारखेवाले त्यातच अडकले असणार.

फोटो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात ते मात्र सॉफ्टवेअरला आपोआप कळणार नाही. कुणीतरी टप्पा सरकवायलाच हवा. आमच्याकडे नियम आहे, फोटो सेव्ह केला की तिथल्या तिथे टप्पा बदलायचा, मग चहा.

वेगवेगळ्या प्रकारांसाठी वेगळे वर्कफ्लो नकोत. क्लायंटच्या कार्डावर एक रकाना करा, ‘रिटर्न प्रकार’: मासिक, तिमाही, कंपोझिशन. काम उघडताना त्यावरून तारीख बसू द्या. तुम्हाला एक्सेल येते म्हणजे हे सूत्र जमेल. तिमाहीवाल्यांचा जीएसटीआर-१ तिमाहीनंतर १३ ला, ३बी गोव्यासाठी २२ ला, आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत. कंपोझिशनचा सीएमपी-०८ (त्यांचा तिमाही कर भरायचा फॉर्म) तिमाहीनंतर १८ ला. आठवणी ‘देय तारखेच्या दहा दिवस आधी’ अशा लावल्या की एकच वर्कफ्लो सगळ्यांना पुरतो.

प्रतिसाद: किनाऱ्यावरचा सीए

शॅकवाल्यांबद्दल. ‘हंगामी’ असा आणखी एक रकाना करा, त्यात बंद महिने लिहा. त्या महिन्यांचे काम उघडले की बिले मागणारा मेसेज न जाता दुसरा जावा: ‘जुलै महिन्यात काही विक्री किंवा खरेदी झाली का? हो किंवा नाही एवढेच कळवा.’ शॅक बंद म्हणून रिटर्न शून्यच, असे सॉफ्टवेअरला ठरवू देऊ नका. फ्रिज दुरुस्तीचे बिल असते, सामान ठेवलेल्या गोदामाचे भाडे असते, आणि त्यावरचे क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) घ्यायचे असेल तर तो शून्य ३बी राहत नाही. ‘नाही’ आले तरच शून्याच्या रांगेत. शून्य ३बी १४४०९ वर एसएमएस करूनही भरता येतो, पण तो नोंदवलेल्या मोबाइलवरूनच.

इथेच आमचा खरा घोळ होतो. पावसाळ्यात निम्मे लोक लंडनला मुलीकडे नाहीतर बहिणीकडे. गोव्याचे सिम ड्रॉवरमध्ये, ओटीपी येणार कुठे? म्हणून मे महिन्यात एक काम आपोआप उघडते: ‘पावसाळ्यात कुठे असाल? सिम चालू राहील का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर घरातल्या कुणाला तरी अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून जोडून घेतो, किंवा डिजिटल सही. सगळ्या ऑटोमेशनमध्ये या एका प्रश्नाने आमचा सर्वात जास्त वेळ वाचवला.

प्रतिसाद: पणजीची

दोन बारीक गोष्टी. सॉफ्टवेअरमधून व्हॉट्सअ‍ॅप जात असेल तर पहिला मेसेज आधी मंजूर करून घेतलेल्या टेम्प्लेटमधूनच जातो. क्लायंटने उत्तर दिले की पुढचे चोवीस तास तुम्ही मनासारखे लिहू शकता. टेम्प्लेट मराठीतही मंजूर होतो. त्यात ‘चवथीच्या हार्दिक शुभेच्छा’ घुसवू नका, मेसेज मार्केटिंगमध्ये धरला जातो आणि दर वाढतो. आम्हाला हौस होती, बिल बघून गेली.

दुसरे, सुट्ट्यांचे कॅलेंडर भरा. चवथीचे दिवस, ३ डिसेंबरचे सेंट झेवियरचे फेस्त, रविवार. आठवण सुट्टीवर पडली तर ती आधीच्या कामाच्या दिवशी यावी, नंतरच्या नव्हे.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री बसून दहा क्लायंटवर करून पाहिले, मासिकचे पाच, तिमाहीचे तीन, शॅकवाले दोन. ‘थांबा’नंतरच्या तपासणीचा पर्याय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये निघाला, ‘अट’ नावाने वेगळ्या मेनूत लपला होता. त्या लंडनच्या सिमवर तर भाची खो खो हसली, आमच्याकडे तसे निदान चारजण आहेत.

एक अडले आहे. एकाच मालकाचा शॅकही आहे आणि म्हापशात कपड्यांचे दुकानही, जीएसटी नंबर एकच. त्याचे कार्ड हंगामी धरू की मासिक? दुकान बारा महिने चालू.

प्रतिसाद: किनाऱ्यावरचा सीए

मासिक. रिटर्न नंबराचा असतो, शॅकचा नव्हे. हंगामीचा रकाना रिकामा सोडा, आणि शेऱ्यात ‘शॅकही आहे’ असे लिहून ठेवा, म्हणजे जूनपासून शॅकची बिले का नाहीत म्हणून मुलगा फोन करणार नाही.