मदत हवी आहे: भाऊ फील्डला, घटस्फोटाचं समन्स गावच्या दारावर

नमस्कार. असा धागा पहिल्यांदाच काढते आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ लष्करात हवालदार आहे. चौदा वर्षं नोकरी झाली. सध्या युनिट फील्डला म्हणजे सीमेकडच्या तैनातीवर आहे, आठवड्यातून एखादा फोन लागतो, तोही मध्येच तुटतो. लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी सात वर्षांची. भावजय दोन वर्षांपासून मुलीला घेऊन माहेरी आहे. का, ते इथे लिहीत नाही. दोघांचंही थोडं थोडं चुकलं आहे, आणि ती मला अजूनही आपली वाटते, एवढंच सांगते.

मागच्या महिन्यात कोर्टाचा बेलीफ गावी आला. घरी फक्त आई-बाबा. बाबा म्हणाले, माझ्या नावाचं नाही, मी सही करणार नाही. त्याने कागद दाराला चिकटवला, फोटो काढला आणि निघून गेला. बाबांनी तो सोलून काढला आणि लाईट बिलांच्या पिशवीत ठेवून दिला. मला कळलं तीन आठवड्यांनी, बिल भरायला ती पिशवी उघडली तेव्हा. कागदाच्या कोपऱ्यांना अजून दाराचा निळा रंग चिकटलेला आहे. भावजयीने क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाचा अर्ज केला आहे आणि तारीख आता नऊ दिवसांवर आली आहे.

दुसरीकडे तिने पोटगीसाठी थेट युनिटच्या सीओसाहेबांकडेही (कमांडिंग ऑफिसर, युनिटचे प्रमुख) अर्ज दिला. भावाला शो कॉज म्हणजे कारणे दाखवा नोटीस मिळाली. पलटणीत सगळ्यांसमोर नाव गेलं म्हणून तो भडकला आणि घरखर्चाचे पैसे पाठवणंच बंद केलं. वर बराकीतल्या कुणीतरी सांगितलं, "फौजीच्या पगाराला कोर्ट हात लावू शकत नाही, गप्प बस."

त्याला एवढ्यात रजा मिळणार नाही. त्याच्याऐवजी मी कोर्टात उभी राहू शकते का? तारखेला कुणीच गेलं नाही तर काय होतं? पगाराचं ते खरं आहे का? आणि मुलीला तो भेटणार कसा? सध्या तर फोनही देत नाहीत.

– रानजाई

---

काळा_कोट:

ताई, मी कौटुंबिक दावे चालवते. कागद न बघता बोलते आहे, म्हणून स्थानिक वकिलांना भेटाच. पण नऊ दिवस आहेत, आधी घाईचं सांगते.

तारखेला कुणीच गेलं नाही आणि समन्स बजावलं गेलं असं कोर्टाने धरलं, तर प्रकरण एकतर्फी चालतं. पुढे एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करून घेता येतो, पण त्यात वर्ष सहज जातं.

तुमच्या बाजूचा मुद्दा असा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ५, नियम २८ प्रमाणे प्रतिवादी सैनिक असेल तर समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवायचं असतं. गावच्या दारावर डकवून ते भावाला पोचलं असं म्हणणं कठीण आहे. पण या मुद्द्याच्या जोरावर घरी बसू नका. कोर्टात जाऊन हाच मुद्दा मांडा आणि लेखी म्हणण्यासाठी मुदत मागा. नियमाने ३० दिवस असतात, कारण दाखवलं तर ९० पर्यंत.

तुम्ही उभं राहू शकता का? हो. हे बऱ्याच वकिलांच्याही पटकन ध्यानात येत नाही. त्याच संहितेची ऑर्डर २८ खास सैनिकांसाठी आहे. दाव्यासाठी जातीने यायला रजा मिळत नसेल तर सैनिक कुणालाही लेखी अधिकार देऊ शकतो. त्या पत्रावर त्याने कमांडिंग ऑफिसरसमोर सही करायची, साहेबांनी त्यावर प्रतिस्वाक्षरी करायची आणि पत्र कोर्टात दाखल करायचं. नोटरीच्या मुखत्यारपत्रामागे धावू नका. मात्र साक्ष त्याची त्यालाच द्यावी लागेल आणि समेटाच्या बैठकीलाही कोर्ट त्यालाच बोलावेल. त्यासाठी व्हिडिओ कॉन्फरन्सची परवानगी मागता येते.

रजा मिळेल तेव्हा आर्मी ॲक्ट १९५० चं कलम ३२ वापरा. खटल्यासाठी रजा मंजूर झाल्याचं किंवा मागितल्याचं प्रमाणपत्र दिलं तर कोर्टाने शक्यतो त्या रजेच्या मुदतीतच सुनावणी ठेवायची असते. रजेचे दिवस तारखांच्या फेऱ्यांत संपू नयेत म्हणूनच ही तरतूद आहे.

१९२५ चा सैनिक दावे कायदाही कुणीतरी सुचवेल. विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाविरुद्धचं काम त्याखाली पुढे ढकलता येतं. पण तो ज्याच्या वतीने कुणीच उभं नाही अशा सैनिकासाठी आहे. तुम्ही प्रतिनिधी म्हणून उभ्या राहिलात की तो रस्ता बंद. दोन्हींतलं एक निवडा. माझ्या मते तुम्हीच उभं राहा. प्रकरण लांबवून तुमच्या भावाचा काहीच फायदा नाही.

---

निवृत्त_सुभेदार:

शो कॉजबद्दल मी लिहितो. २८ वर्षं नोकरी, त्यातली शेवटची सात हेड क्लार्क. असे अर्ज माझ्याच टेबलावरून गेलेत.

पहिली गोष्ट, त्या बराकीतल्या वकिलाचं ऐकू नका. आर्मी ॲक्टच्या कलम २८ मध्ये दिवाणी कोर्टाला पगार जप्त करता येत नाही असं आहे, ते बरोबर. पण त्याच कायद्यात कलम ९१(आय) आहे. जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) आणि जवानांच्या पगारातून बायको-मुलांच्या पोटगीची रक्कम कापायचा अधिकार लष्कराला त्यातून मिळतो. अधिकाऱ्यांसाठी तेच कलम ९०(आय). कोर्टाचा पोटगीचा आदेश वरच्या ऑफिसात पोचला की कपात याच वाटेने होते. पगार सुटला असं समजणारे तीन-चार जण मी स्वतः पाहिलेत, पुढच्या पे-स्लिपने त्यांचा गैरसमज दूर केला.

लष्करी पोटगीची कमाल मर्यादा अशी: पत्नीला पगार-भत्त्यांच्या २२ टक्के, दर मुलाला ५.५ टक्के, सगळं मिळून ३३ च्या वर नाही. समजा महिन्याचे ६०,००० होतात. पत्नीचे १३,२००, मुलीचे ३,३००, एकूण १६,५००. कोर्टाला ही मर्यादा लागू नाही, ते जास्तही देऊ शकतं किंवा कमीही. मात्र दोन्हीकडून दुप्पट घेता येत नाही, एक रक्कम दुसरीत धरली जाते. ते कोर्टाच्या नजरेला आणून द्यायचं काम तुमचं.

शो कॉजचं उत्तर मुदतीत गेलंच पाहिजे, आणि थंड डोक्याने लिहिलेलं. बायकोची बदनामी करणारी चार पानं लिहून देतात पोरं. साहेब लोक ती वाचत नाहीत. त्यांना फक्त हे बघायचं असतं: पैसे पाठवलेस का, पाठवले तर पुरावा काय. एकाने दोन वर्षं दर सुट्टीत सासऱ्याच्या हातात रोख दिले होते. माणूस खरा होता, पण कागदावर शून्य. त्याला ते सिद्ध करताच आलं नाही. म्हणून आजच्या आज तिच्या खात्यात बँकेतून पैसे टाकायला सांगा, आणि शेऱ्यात "मुलीची फी व घरखर्च" लिहायला सांगा. तुटलेल्या महिन्यांचेही.

---

पूर्वाश्रमीची_फौजी_बायको:

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, चालेल ना? माझा घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली. मीही सीओंना अर्ज दिला होता. कोर्टाची तारीख तीन महिन्यांनी आणि दूधवाला एक तारखेला, एवढं साधं कारण होतं. त्याची बदनामी करायचा विचारही मनात नव्हता. तुमच्या भावाला हे सांगा.

मुलीच्या भेटीबद्दल मात्र नीट वाचा. आमच्या आदेशात "दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाच्या आवारात" असं छापील वाक्य आलं होतं. फील्डला असलेला माणूस शनिवारी येणार कुठून? दीड वर्ष तो एकदाही आला नाही, आणि मी मूर्खासारखी मुलाला सांगत राहिले की बाबाला तू नको आहेस. मग आम्हीच दोघांनी अर्ज देऊन ते बदललं. आता वार्षिक रजेतले सलग १५ दिवस मुलगा त्याच्याकडे असतो, रजा मंजूर झाली की आठ दिवस आधी मला मेसेज येतो, आणि रविवारी व्हिडिओ कॉल. रेंज नसेल तर जेव्हा लागेल तेव्हा. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि वर किरकोळ रजा असते, तिच्याभोवतीच भेटी बांधून मागा. शनिवार मागू नका.

पेन्शनचंही आधीच समजून घ्या. घटस्फोटानंतर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन नाही. मिलिटरी हॉस्पिटल, कॅन्टीन, कार्ड, सगळं जातं. म्हणून ती एकरकमी मागेल, आणि त्यात लोभ नसतो. मुलीचा हक्क मात्र बापाच्या घटस्फोटाने संपत नाही.

---

काळा_कोट:

वरच्या ताईंनी फार मोलाचं लिहिलं आहे, मीही पुढच्या अर्जात तो मसुदा वापरणार.

थोडी भर. दोघांनाही वेगळंच व्हायचं असेल तर भांडत बसण्यापेक्षा हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली संमतीने करा. चालू अर्जाचंही तसं रूपांतर होतं. पहिल्या आणि दुसऱ्या अर्जातले सहा महिने सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानुसार माफ होऊ शकतात. तुमच्या प्रकरणात दोन वर्षं वेगळं राहणं झालंच आहे. पोटगी आणि मुलीचा ताबा यांचा निकाल आपापसात लावलात की बाकी सोपं आहे.

कोर्टात उत्पन्नाचं शपथपत्र दोघांनाही द्यावं लागतं, २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालापासून ते सक्तीचं आहे. पे-स्लिप, एएफपीपी फंडाचा (जवानांचा भविष्य निर्वाह निधी) उतारा, कर्जाचे हप्ते आत्ताच मागवून ठेवा. युनिटमधून कागद यायला वेळ लागतो.

आणि २०२५ च्या जुलैत नाल्साने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. भावजयीला तर बाई म्हणून मोफत विधी सहाय्य तसंही मिळतंच.

---

रानजाई:

सगळ्यांचे आभार. काल भावाचा फोन अकरा मिनिटं चालला, आमच्याकडे हा विक्रम आहे. सुभेदार काकांचा प्रतिसाद मी त्याला अक्षर न् अक्षर वाचून दाखवला. पहिल्यांदा म्हणाला, "तू कुणाच्या बाजूची?" मग गप्प झाला. रात्री बँकेचा मेसेज आला, तीन महिन्यांचे पैसे गेले. अधिकारपत्राला साहेब तयार आहेत, स्पीड पोस्टाने येतं आहे, स्कॅन वकिलांना पाठवला.

एक जरा लाजिरवाणं विचारते. आईने स्थळं बघायला सुरुवात केली आहे. तिला काय सांगू?

---

निवृत्त_सुभेदार:

आईंना म्हणावं, फोटोसुद्धा बघू नका. हुकूमनाम्याआधी दुसरं लग्न केलं तर फौजेत नोकरीवर येतं. आणि हुकूमनामा झाला तरी अपिलाचे ९० दिवस जाऊ द्यायचे असतात. नंतर प्रमाणित प्रत रेकॉर्ड्स ऑफिसला पाठवून पार्ट टू ऑर्डर (सेवा-नोंदीत बदल करणारा आदेश) काढून घ्यायची. तोवर फौजेच्या कागदावर तो विवाहितच राहतो. ग्रुप इन्शुरन्स आणि फंडाचं नॉमिनेशनही तेव्हाच नव्याने भरायचं, ते आपोआप बदलतं असं धरून चालू नका. मुलीचं नाव मात्र कुठूनही काढू नका.

---

रानजाई:

तारीख झाली. न्यायाधीशांनी अधिकारपत्र घेतलं, लेखी म्हणण्याला ३० दिवस दिले आणि प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं. बाहेर भावजय भेटली. मी तिला तो डकवलेला कागद दाखवला. कोपऱ्यावरचा निळा रंग नखाने खरवडून बघितला तिने. म्हणाली, "हा रंग मीच पसंत केला होता, बाबांना पिस्ता हवा होता."

रविवारी चार वाजता मुलीला फोन द्यायला तयार आहे. रेंज असेल तर.