बॅच इफेक्ट नंतर काढता येतो, पण नेहमी नाही

पेशींमधली जनुकं किती चालू आहेत हे मोजताना, नमुने वेगळ्या दिवशी किंवा वेगळ्या किटने काढले म्हणून मापांत जो खोटा फरक येतो, तो बॅच इफेक्ट. कॉम्बॅट या संख्याशास्त्रीय पद्धतीने तो नंतर काढता येतो, तेव्हा नमुने कधी नि कसे काढले याची फार चिंता नको, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटलं. कॉम्बॅट (२००७ पासूनची पद्धत) असो की डीईसेक२च्या (गटागटांतल्या जनुकांची तुलना करणारं सॉफ्टवेअर) सूत्रात बॅच हा घटक घालणं असो, दोन्ही चालतं ते प्रत्येक बॅचमध्ये, म्हणजे एकत्र काढलेल्या नमुन्यांत, दोन्ही गटांचे (औषध दिलेले नि न दिलेले) नमुने मिसळलेले असतील तर.

आमचं बडोद्यात झालेलं सांगतो. कंट्रोलचे (औषध न दिलेल्या पेशींचे) चार नमुने नवरात्रीच्या आधी काढले, औषध दिलेल्या पेशींचे चार दिवाळीची सुट्टी संपल्यावर. मधल्या काळात आरएनए (चालू जनुकांची पेशीतली नक्कल, जी आम्ही मोजतो) काढायचं किटही बदललं. (रात्रभर गरबा खेळणाऱ्यांकडून वेळापत्रकाची अपेक्षा धरणंही चूकच म्हणा.) पीसीएच्या आलेखात (प्रत्येक नमुना एक ठिपका, सारखे नमुने जवळजवळ) दोन गट इतके स्वच्छ वेगळे पडले की आम्ही खुशीत शेव-उसळ खायला गेलो. परत आल्यावर एका मुलीने ठिपके तारखेप्रमाणे रंगवले, तर तेच दोन गट! औषधाचा परिणाम कुठला नि तारखेचा कुठला, हे गणिताला वेगळं करताच येईना. सूत्रात बॅच घातल्यावर डीईसेक२ने मॅट्रिक्स 'फुल रँक' नाही, म्हणजे बॅच नि औषध हे दोन घटक वेगळे करता येत नाहीत, म्हणून सरळ नकार दिला. एकाच वेळी हजारो जनुकं तपासताना वापरतात त्या बेंजामिनी-हॉकबर्ग दुरुस्तीचाही इथे उपयोग नाही. ते योगायोगाने वर आलेल्या जनुकांना आवर घालतं, किटमुळे आलेल्यांना नाही.

शेवटी आठही नमुने पुन्हा काढले, रोज दोन्ही गटांतले दोन-दोन.