जामीन होऊनही भाऊ चार महिने आतच! जामीनदाराची अट शिथिल कशी करून घ्यायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ १३ महिने तुरुंगात कच्चा कैदी आहे. आरोप साध्या चोरीचा, याआधी त्याच्यावर एकही केस नव्हती. चार महिन्यांपूर्वी जामीन मंजूर झाला, पण कोर्टाने स्थानिक जामीनदार मागितलाय. आमचं घर मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्याचं; जमीन भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या नावावर. एक-चौदाचा उतारा (सातबारासारखा जमिनीचा कागद) दाखवायचा तर कुणाचा दाखवू? मामा तयार झाले होते, पण कोर्टाची पायरी म्हटल्यावर मामी रडायला लागली. तिला तरी काय बोलणार?

गेल्या आठवड्यात भेटीला गेले. भाऊ जाळीपलीकडे उभा. एक वाक्य बोलायला दोनदा थांबत होता. लहानपणापासून दमा आहे त्याला. मी पंप नेला होता, तो गेटवरूनच परत दिला, डॉक्टरची चिठ्ठी नाही म्हणून. बोटांच्या बेचक्यांत खरूज झालीय, ती तो माझ्यापासून लपवत होता. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

थोडं वाचलंय. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की जामीन मिळून ७ दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं, आणि शक्यतो स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये. शिवाय सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर (लेखी हमीवर) सोडायचं असतं, आणि तसा अर्ज अधीक्षकांनीच कोर्टाला द्यायचा असतो. साध्या चोरीला जास्तीत जास्त ३ वर्षं. म्हणजे त्याचं एक वर्ष कधीच उलटलं.

मग आता मी नेमकं काय करू? अधीक्षकांना लेखी देऊन पोच घ्यायची, की थेट विधी सेवा प्राधिकरणात जायचं? कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तोच ही अट बदलायचा अर्ज करील का? आमच्या वकिलांनी फोन उचलणं बंद केलंय.

आणि पंपाचं सगळ्यात आधी सांगा. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरची चिठ्ठी चालेल, की तुरुंगातल्या डॉक्टरनेच लिहून द्यावं लागतं? गुरुवारी परत भेट आहे.