गावच्या तलावाची जैवविविधता आकड्यात बसते का?

(टोपणनावांनी झालेली चर्चा)

पाणकणीस (लाखांदूर तालुका, जि. भंडारा)

आमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात लोक जैवविविधता नोंदवही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि गावकऱ्यांशी बोलून ही वही तयार करायची. पुष्कळ वर्षं पुष्कळ ठिकाणी ते झालंच नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि ठिकठिकाणी वह्या घाईघाईने भरल्या गेल्या. आमचीही त्यातलीच. मासे, पक्षी, झाडं, पिकं असे तक्ते, आणि प्रत्येकाखाली एकूण जाती.

माझा आक्षेप त्या 'एकूण'वर आहे.

दोन मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या ताब्यातले) घ्या. दोन्हींत माशांच्या पाच-पाच जाती. पहिल्यात शंभर मासे धरले तर प्रत्येक जातीचे वीस. दुसऱ्यात शहाण्णव रोहू, बाकी चार जातींचा एकेक. वहीत दोघांपुढे पाचच लिहिलं जाईल. सिम्प्सन या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये एक साधी कसोटी दिली: डोळे मिटून दोन जीव उचलले तर ते वेगळ्या जातींचे निघण्याची शक्यता किती? पहिल्या तलावात ती ऐंशी टक्के येते, दुसऱ्यात आठ टक्क्यांच्या आत. म्हणजे आकडा कुठला घ्यायचा यावरच कुठला तलाव 'समृद्ध' हे ठरतं.

याहून वाईट पुढे आहे. तलावात तिलापिया हा परका मासा शिरला की यादीत एक जात वाढते. काठाने बेशरम हे परकं झुडूप पसरलं की वनस्पतींच्या तक्त्यात आणखी एक. तलाव मरायला लागला तरी वही काही वर्षं चढतीच दिसते. प्रत्येक गावाने तेच रोहू, कटला, मृगल सोडले तर एकेका गावाची यादी लांबेल, पण सगळे तलाव एकसारखे होतील आणि जिल्हा गरीब होईल. गावागावांतला हा फरक कुठल्याच एका गावाच्या वहीत दिसत नाही.

सहोत्रा सरकार यांच्यासारखे तत्त्वज्ञ म्हणतात, की जैवविविधता म्हणजे काय हे संवर्धनाचं नियोजन करतानाच ठरत जातं. आधी तिची पक्की व्याख्या करून मग संवर्धनाकडे वळता येत नाही. मला ते मनापासून पटतं. ग्रामसभेने आधी सांगावं, आम्हाला काय टिकवायचं आहे. मग त्याला साजेसं मोजमाप शोधावं. आज आपण उलट चाललो आहोत.

आकडेमोड (अमरावती)

सर, तिलापियाचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो.

कुठला निर्देशांक घ्यायचा हा वाद तितका अवघड राहिलेला नाही. हिल या अभ्यासकांनी १९७३ मध्ये हे सगळे आकडे एकाच सूत्रात बसवले. तुमच्याच तलावांचं उदाहरण घ्या. दुर्मीळ जातींनाही सारखं वजन दिलं तर दोन्हींचं उत्तर पाच. मुबलक जातींना जास्त वजन दिलं तर पहिल्याचं पाचच राहतं आणि दुसऱ्याचं एकाहून जेमतेम जास्त येतं. दोन्ही आकडे शेजारी छापा, तलाव कसा आहे ते कळतं. देशी आणि परकी जाती वेगळ्या लिहा, तिलापियाचा घोळ मिटला. गावागावांतला फरक मोजायचं शास्त्र व्हिटेकरने १९६० मध्येच मांडलं आहे. हे दोष मोजणीतल्या आळसाचे आहेत, मोजण्याच्या कल्पनेचे नाहीत.

आणि आकडा नसेल तर काय होतं ते पाहा. गोंदिया-भंडाऱ्याचा सारस अभयारण्यात राहत नाही, धानाच्या बांधीत आणि तलावाकाठी राहतो. त्याच्यासाठी कुंपण घातलेलं जंगल नाही. तरी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. पक्षी कमी होताहेत हे लोकांनी वर्षानुवर्षं मोजून ठेवलं नसतं, तर न्यायालयासमोर काय असतं? आठवणी? खाणीच्या जनसुनावणीत उभे राहून पाहा. तिथे समोरच्याकडे जाडजूड अहवाल असतो आणि गावाकडे 'पूर्वी खूप होतं' एवढंच.

ग्रामसभेने ठरवावं, हेही मला पूर्ण मान्य नाही. गाव मरळ वाचवील, कारण मरळ खाल्ली जाते, विकली जाते. चिखलातली गोगलगाय, पाण्यातले किडे, साप यांच्या बाजूने ग्रामसभेत हात कोण वर करणार? त्यांना जगायचा हक्क आपल्या उपयोगावरून मिळत नसतो.

ढिवरटोला

सर, मॅडम, दोघायचं वाचलं. मी मासेमारी करणाऱ्या घरचा आहो, तं मले सांगा लागते.

पयले हे सांगा, मोजाले येता कवा? येनारे हिवाऱ्यात येते, रस्ते कोरडे असते तवा. आमचा खरा हिशोब पयल्या पान्यात असते. मिरुग बरसला, नाल्याले पानी आलं का मासे चढनीले लागते. त्या चार दिवसांत जे दिसते थे बाकी सालभर दिसत नाही. नाल्यावर बांध घातला, चढनीची वाट बंद केली, तं तलावात पानी असूनही मासा नाही. तुमच्या वहीत वाटेचा तक्ता कुठं हाय जी?

दुसरी गोष्ट. तलावाची लीज भरा लागते. सोसायटी रोहू-कटल्याचं बीज सोडते, त्याच्यावर घर चालते. बीज सोडाच्या आधी मरळ, मागूर काढून टाका, थे बीज खाते, असं आमाले शिकवलं. आता दुसरे सायेब येते अन् म्हन्ते मरळ वाचवा. एकाच तलावाले दोन खात्यायचे दोन हिशोब. आमी कोनाचं आयकावं?

बेशरम काढून तलावात पानवनस्पती, देवधान लावाचं काम आपल्या जिल्ह्यात बायायनं केलं हाय. थ्याईले कोनी निर्देशांक नोता सांगतला. कोनत्या गवताखाली कोनता मासा अंडी घालते हे ठाऊक होतं, म्हनून थे गवत लावलं. हेच मोजनं नोय का?

आकडेमोड

भाऊ, हे मोजणंच आहे, आणि उत्तम मोजणं आहे. माझी विनंती एवढीच, की ते लिहून ठेवा: तारीख, ठिकाण, किती जाळी टाकली, किती वेळ. कारण 'दिसला नाही' आणि 'नाही' यांत फार अंतर असतं. रानपिंगळ्याचा शेवटचा नमुना १८८४ मधला होता. पुढे शंभराहून अधिक वर्षं त्याची खात्रीची नोंद नव्हती, तो संपला असंच पुष्कळांनी धरलं होतं. १९९७ मध्ये तो नंदुरबारच्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि नंतर आमच्या मेळघाटातही. शोधण्यासाठी किती कष्ट घेतले याची नोंद नसेल तर शून्याला काही अर्थ राहत नाही. चढणीच्या दिवसांचा तुमचा मुद्दा याच जातीचा आहे आणि तो मी पुढच्या प्रत्येक सर्वेक्षणात मांडणार आहे.

ब्रह्मपुरीकर

मोजलं की संवर्धन होतं म्हणता, तर वाघाचं बघा. राज्यात २०१४ ला १९०, २०१८ ला ३१२, २०२२ ला ४४४. कॅमेऱ्याने, पट्ट्यांवरून, एकेक वाघ ओळखून मोजलेले. इतकं चोख मोजमाप दुसऱ्या कुठल्या जनावराचं नसेल. आणि आमच्या भागात पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या बायका परत येत नाहीत. वाघ वाढला म्हणजे सगळं जंगल सुधारलं असं सांगतात. वाघाला हरीण आणि रानडुक्कर पुरतं. चारोळी, बिजा, आवळा या झाडांची नवी रोपं येताहेत का, याचं त्याला देणंघेणं नाही. मोजायला सोपं आणि नावाजलेलं म्हणून त्याला मोजलं, आणि जे मोजलं त्यालाच पैसा गेला. माझा वाघाला विरोध नाही. एकाच आकड्यावर अख्ख्या जंगलाचा निकाल लावायला विरोध आहे.

निवृत्त वनरक्षक

वाघ धरला की त्याच्यासोबत पाणवठा, कुरण, लाकूडचोरीवर पहारा, सगळं येतं. ताडोब्यात जे राखलं गेलं ते वाघाच्या नावावरच राखलं गेलं. गोगलगायीच्या नावाने एक चौकीसुद्धा मंजूर झाली नसती. मृत्यूंचं दुःख आम्हालाही आहे, आमची माणसंही गेली आहेत. पण वाघाची ही छत्री फाटकी आहे म्हणून टाकून दिली तर पाऊस सगळ्यांवरच पडेल.

संत्रापट्टा (वरूड)

निवृत्त काका, खात्याचंच एक मोजमाप सांगतो. देशाच्या वनस्थिती अहवालात वनाच्छादन म्हणजे एक हेक्टर किंवा त्याहून मोठी, दहा टक्क्यांवर झाडांची छाया असलेली कुठलीही जमीन. झाड कुठलं, मालक कोण, हे पाहिलं जात नाही. म्हणजे माझी संत्र्याची बाग दाट असेल तर उपग्रहाच्या लेखी ती आणि मेळघाटचा उतार एकाच सदरात येऊ शकतात. मिश्र जंगल तोडून सागाचे पट्टे लावले, तरी साग वाढला की आच्छादन भरून निघालेलं दिसतं. उलट वाशीम-अकोल्याकडचं गवताळ रान, जिथे तणमोर पक्षी येतो, या मोजपट्टीवर शून्य. तिथे खड्डे करून झाडं लावली की लगेच प्रगती! २०१९ च्या तेहेतीस कोटी वृक्षलागवडीच्या वेळी मोकळ्या माळावर खड्डे पडताना मी पाहिले आहेत.

निवृत्त वनरक्षक

तो अहवाल छाया मोजतो आणि तसं स्पष्ट सांगतो. जैवविविधता मोजल्याचा दावा त्यात नाही. वाचणाऱ्याने त्यावरून भलतं काढलं तर दोष अहवालाचा कसा? झुडपी जंगलाचंही तसंच. महसुली नोंदीत 'झुडपी', म्हणून हलकी जमीन समजून तिच्यावर काय काय उभं राहिलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातली अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनजमीनच आहे असं सांगितलं. त्यात कुठे किती जाती आहेत हे मोजून तो निर्णय झाला नाही, कायद्याने झाला. त्यामुळे पाणकणीस यांचं म्हणणं मला वाटतं तितकं चूक नाही: काय राखायचं ते आधी ठरतं.

बियाणेवाली (नागभीड)

सगळे जाती मोजताय. आमच्या तालुक्यात तसं मोजलं तर धान म्हणजे एक जात. ओरायझा सटायवा, पुढे एक. संपलं.

आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्या वेगळ्या पेरल्या, दरवर्षी निवडत गेले. त्यातून एचएमटी हा वाण आला. थोड्याशा शेतीतून त्यांनी आणखीही कितीतरी वाण काढले. जातींच्या यादीत हे सगळं शून्याने वाढतं. १९९२ च्या रिओ करारातच जैवविविधतेच्या तीन पातळ्या मानल्या आहेत: जातीच्या आतली, जातींमधली आणि परिसंस्थांची. नोंदवहीच्या नमुन्यातही वाणांचा तक्ता असतो. भरायला येणारे तो आमच्या सासवांना न विचारता भरतात. कुठला धान खोल बांधीत चालतो, कुठला कमी पाण्यात येतो, कुठल्याची पेज बाळंतिणीला देतात, हे त्यांनाच माहीत आहे.

आकडेमोडताई, तुम्ही म्हणता ग्रामसभा फक्त उपयोगाचं वाचवील. वाण तर उपयोगाचेच होते, तरी गेले, कारण बाजाराला त्यांचा उपयोग नव्हता. गावाचा उपयोग आणि बाजाराचा उपयोग एकाच मापाने मोजू नका.

आकडेमोड

ताई, हे मान्य. पण तुम्हीच सांगता आहात की गावाच्या हातात असूनही वाण गेले. मग उद्या ग्रामसभेने ठरवलं की माळ नको, तिथे सोलर प्रकल्पाचं भाडं हवं, तर? तणमोराला मत नाही. अशा वेळी गावाबाहेरचा एक नियम लागतोच, आणि तो नियम आकड्यावर उभा असतो.

पाणकणीस

दोन गोष्टी लिहितो.

गाव नेहमी पैशाकडेच झुकतं, हे अनुभवाला धरून नाही. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेने तेंदूपानं तोडणं बंद केलं, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात. हातात येणारा पैसा त्यांनी सोडला, बांबूवर भागवलं आणि जंगलाचा एक भाग तर पूर्ण राखून ठेवला. त्यांना कोणी हिल यांचं सूत्र शिकवलं नव्हतं. हक्क मिळाला होता, आणि हा हक्क उद्याही आपलाच राहील असा भरवसा होता. आमच्या तलावांचं नेमकं उलट झालं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ कोणी काढायचा हा प्रश्न तेव्हापासून पडून आहे. ज्याचं काही चालत नाही त्याला 'काय टिकवायचं' हे विचारण्यात अर्थ नाही. हक्काशिवाय माझंही म्हणणं लंगडं पडतं.

दुसरं, तणमोराला मत नाही, हे खरं. म्हणून गावाने ठरवायचं त्याला एक मर्यादा असावी: जे फक्त आपल्याकडेच उरलं आहे, ते संपवण्याचा अधिकार कोणत्याही ग्रामसभेला नसावा, आणि कोणत्याही मंत्रालयालाही नसावा. ते 'फक्त आपल्याकडेच' आहे हे कळायला आकडेमोड म्हणतात तशी मोजणी लागते, शेजारच्या गावांसकट लागते. पण गावात आज काय आहे हे ढिवरटोला भाऊंना जास्त कळतं, म्हणून मोजणी त्यांच्या दिवसांत, त्यांच्या नाल्यावर व्हावी आणि त्याची मजुरी त्यांना मिळावी. गेल्या वेळी माहिती सांगणाऱ्याला चहा मिळाला आणि वही भरणाऱ्याला बिल.

आकडेमोड

मजुरीचं शंभर टक्के मान्य. मर्यादेचंही. 'संपवण्याचा अधिकार' म्हणजे शेवटचा पक्षी मारणं इतकंच धरणार का? सारस बहुधा कोणी मारून संपवत नाही. बांधीतलं घरटं मोडतं, तारेला पक्षी धडकतो, तलावाकाठी अतिक्रमण होतं. किती कमी झाले की गावाला थांबवायचं, हा आकडा कोणीतरी सांगावाच लागेल, आणि तो सांगणारा बहुतेक गावाबाहेरचा असेल. हे तुम्ही कसं सोडवणार?

ढिवरटोला

बाहेरचा सांगल तं सांगो जी. पन आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा, कसा काढला थे आमच्या बोलीत समजवा, अन् आमाले खोडता आला पायजे. आमी म्हटलं का या साली नाला आटला होता म्हनून मासा कमी दिसला, तं थेही वहीत लिवा. मिरुग लागला का या. चढनीच्या टायमाले मी नाल्यावरच असतो.