स्क्लेरोडर्मा आणि मूलपेशी उपचार : बहिणीसाठी विचारणा

खानापूरहून प्रश्न :
माझी धाकटी बहीण ३४ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी थंडीत पहाटे भांडी घासताना तिची बोटे आधी पांढरीफटक, मग निळी पडू लागली. आता हातांची कातडी इतकी ताणली आहे की ती चिमटीत येत नाही, आणि तोंड पुरेसे उघडत नसल्यामुळे भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागते. निदान सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे (स्क्लेरोडर्माचा शरीरभर पसरणारा प्रकार; यात बिघडलेल्या प्रतिकारशक्तीमुळे कातडी आणि आतले अवयव कडक होतात) असून फुफ्फुसांवरही परिणाम झाला आहे. आठ महिने मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू आहे. एका खासगी केंद्राने नाळेतील मूलपेशींच्या (ज्यांपासून इतर पेशी तयार होतात अशा पेशींच्या) चार इंजेक्शनांनी आजार मुळासकट जाईल असे सांगून आगाऊ रक्कम मागितली आहे. आई शेत गहाण टाकायला निघाली आहे. हा उपचार खरा आहे का?

बेळगावहून उत्तर :
दादा, कृपया रक्कम भरू नका. या आजारात ज्या उपचाराला भक्कम पुरावा आहे तो वेगळा आहे. त्यात रुग्णाच्याच रक्तातून मूलपेशी काढून गोठवतात, जबर औषधे देऊन बिघडलेली प्रतिकारशक्ती जवळजवळ पुसून टाकतात, आणि मग त्या पेशी परत देतात; यालाच प्रत्यारोपण म्हणतात. म्हणजे आजारावर घाव औषधे घालतात, पेशी रक्तनिर्मिती पुन्हा उभी करतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील ॲस्टिस नावाच्या उपचार-चाचणीत प्रत्यारोपण झालेल्या ७९ जणांपैकी ८ जण पहिल्याच वर्षी उपचारामुळे दगावले, मात्र पुढच्या वर्षांत जगण्याचे प्रमाण केवळ औषध दिलेल्या गटापेक्षा याच गटात सरस ठरले. म्हणूनच हृदय आणि फुफ्फुसे फार खालावण्याआधी, नीट पारखून रुग्ण निवडावा लागतो. नाळेतील पेशींचा असा वापर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात.

निपाणीहून उत्तर :
माझ्या पत्नीचे असे प्रत्यारोपण बाहेरगावी झाले. पेशींची पिशवी अर्ध्या तासात रिकामी झाली, खोलीभर लसणासारखा वास पसरला (गोठवताना घातलेल्या द्रव्याचा तो असतो), पण त्याआधीचे आणि नंतरचे दिवस ताप, तोंडातले फोड आणि जंतुसंसर्गाच्या धास्तीत गेले. वर्षभराने बांगड्या पुन्हा मनगटात चढल्या. फुफ्फुसांचे जे नुकसान झाले होते ते मात्र तसेच राहिले. लहानपणीच्या लसी पुन्हा घ्याव्या लागल्या. एक गोष्ट आम्हाला फार उशिरा समजली : या औषधांनी पाळी कायमची थांबू शकते. बहिणीला मूल हवे असेल तर बीजांडे जपून ठेवण्याविषयी आधीच विचारा. संमतिपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असले, तर ओळ न् ओळ मराठीत समजावून घेतल्याशिवाय तिला सही करू देऊ नका.

खानापूरहून :
मूल हवे की नको हे बहिणीला आम्ही कोणी विचारलेच नव्हते. आज रात्री मी तिच्याशी बोलतो. आईने सातबारा परत कपाटात ठेवला आहे. सोमवारी संधिवाततज्ज्ञांकडे हृदयाचे आणि फुफ्फुसांचे सगळे अहवाल घेऊन जात आहोत.