नाकातला मेलॅनोमा, बीआरएएफ निगेटिव्ह: पुढे कोणती तपासणी करावी?

धाकटी:
आईच्या नाकातून अधूनमधून रक्त यायचं. सायनस समजून औषधं झाली, शेवटी बायोप्सीत म्युकोसल मेलॅनोमा (आतल्या ओलसर अस्तरातल्या रंगद्रव्य पेशींचा कर्करोग) निघाला. बीआरएएफ निगेटिव्ह, म्हणजे त्या जनुकात म्युटेशन (बदल) नाही, म्हणून त्यावरच्या गोळ्यांचा उपयोग नाही, एवढंच सांगितलं. आणखी कोणती म्युटेशन्स तपासून घ्यावीत? आणि आम्हा बहिणींनाही हे होऊ शकतं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

सूक्ष्मदर्शी:
ताई, मी पॅथॉलॉजीत काम करते. या आजारात बीआरएएफ निगेटिव्ह येणं अपेक्षितच असतं. त्वचेच्या मेलॅनोमात जवळपास निम्म्या रुग्णांत ते म्युटेशन सापडतं, म्युकोसलमध्ये क्वचितच. या गाठी ऊन न पोचणाऱ्या जागी होतात, त्यामुळे डीएनएवर अतिनील किरणांच्या खुणा फारशा नसतात. सुट्ट्या अक्षरांच्या चुका कमी, गुणसूत्रांची मोडतोड मात्र भरपूर. म्हणून एका जनुकावर थांबू नका, एनजीएस पॅनेलबद्दल, म्हणजे एकदम अनेक जनुकं वाचणाऱ्या तपासणीबद्दल विचारा. त्यात किट, एनरास, एनएफ१ आणि एसएफ३बी१ ही जनुकं आहेत ना, हे बघा. नाकातल्या गाठीत एनरास तुलनेनं जास्त दिसतं, पण किट सोडू नका, कारण त्यावर औषध आहे.

किटबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या. काचपट्टीवर गाठीच्या पेशींतल्या किट प्रथिनाला रंग चढला की रिपोर्टात ‘किट पॉझिटिव्ह’ लिहितात. ते म्युटेशन नव्हे! म्युटेशन किट जनुकाच्या एक्सॉन ११ किंवा १३ या भागांत असेल, उदाहरणार्थ एल५७६पी किंवा के६४२ई हे बदल, तर किटला रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधानं गाठ आकसण्याची शक्यता बरी असते. किट जनुकाच्या नुसत्या प्रती वाढल्या असतील तर फायदा क्वचितच होतो.

बहिणींचं म्हणाल तर ही म्युटेशन्स गाठीच्याच पेशींत पुढे कधीतरी घडलेली असतात, आईकडून लेकीकडे येत नाहीत. घरात आणखी कुणाला मेलॅनोमा झाला असेल तर मात्र डॉक्टरांना जरूर सांगा.

निशिगंध:
माझ्या बाबांना के६४२ई निघालं होतं. इमॅटिनिबनं गाठ चांगली आकसली, काही महिन्यांनी पुन्हा वाढली. खोटी आशा नको म्हणून हेही सांगते. ते महिने आम्हाला फार मोलाचे होते.

पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) आधी ताब्यात घ्या. आमचा पहिला नमुना अपुरा पडला होता, शिवाय गाठ काळी असेल तर मेलॅनिन डीएनए तपासणीत अडथळा आणतं. आणि रिपोर्ट येईपर्यंत उपचार थांबवायचे का, हे स्पष्ट विचारा. इम्युनोथेरपीला, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचाराला, म्युटेशन लागत नाही. त्यातलं निवोलुमॅब हे औषध एकटं द्यायचं की इपिलिमुमॅब या दुसऱ्या औषधासोबत, यावर डॉक्टरांशी सविस्तर बोला. जोडीनं दिल्यास प्रतिसाद जास्त रुग्णांत मिळतो, पण दुष्परिणामही जड असतात.

धाकटी:
दोघींचे मनापासून आभार. रिपोर्ट पुन्हा काढून पाहिला. ‘किट पॉझिटिव्ह’ लिहिलंय, पण ते रंग चढवूनच पाहिलेलं आहे. ब्लॉक मागायला उद्या सकाळीच जाते.